पैसे देऊन पोपट मोजायला जाऊ का?

‘मी ५१ वर्षांची आहे. सत्तावीस वर्षं एका कंपनीत हिशेबतपासणीचं काम केलं आणि गेल्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. घरात आम्ही दोघं, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि एक कॉकॅटील, म्हणजे छोटा पाळीव पोपट. पक्ष्यांचं वेड लहानपणापासूनचं, पण निरीक्षण शनिवार-रविवारपुरतंच. पेरूमधल्या तांबोपाता भागात जंगली मकाव पोपटांवर एक प्रकल्प चालतो. तिथे सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी मी गंमत म्हणून अर्ज केला, आणि होकार आला! राहण्याजेवण्याचे पैसे आपणच भरायचे आहेत. मुलगी म्हणते, “आई, पैसे देऊन मजुरी करायला कोण जातं?” नवरा काहीच बोलत नाही, म्हणजे त्यालाही तसंच वाटत असणार. माझी भीती वेगळी आहे. गुडघे कुरकुरतात, उंचीवर चक्कर येते, शास्त्राचं शिक्षण नाही. मी तिथे कामाची ठरेन की अडगळ? शिवाय त्यांच्या फोटोंमध्ये स्वयंसेवकांच्या हातात पिल्लं दिसतात. ते बघून माझेही हात शिवशिवतात, आणि हे पक्ष्यांना बरं का, असंही मनात येतं. जाऊ का?’
— पोपटवेडी

प्रिय पोपटवेडी,

जा. पण मेलला उत्तर पाठवण्याआधी माझं सगळं ऐकून घ्या. तुम्ही ज्या कामाला निघालात ते त्या फोटोंपेक्षा बरंच कंटाळवाणं आहे. आणि तुमचं पत्र वाचून मला वाटतं, तो कंटाळा तुम्हाला छान जमेल.

आठ वर्षांपूर्वी मी त्याच खोऱ्यातल्या एका तळावर दोन महिने होते. तेव्हा माझं वय सत्तेचाळीस, आणि गुडघे तुमच्यासारखेच बोलके. त्यामुळे हे उत्तर ऐकीव माहितीवर लिहीत नाहीये.

तांबोपाता नदी अँडीजमधून उतरून पुएर्तो माल्दोनादो या शहरापाशी माद्रे दे दिओस नदीला मिळते. शहर सोडून होडीने वर जायला लागलं की तासाभरात काठावरची घरं विरळ होतात. नदीने कापून काढलेले तांबूस मातीचे उभे कडे दिसू लागतात. त्यातल्या ठरावीक कड्यांवर पोपट माती खायला येतात. अशा जागेला तिथले लोक ‘कोल्पा’ म्हणतात. पोपटांनी माती का खावी, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. कच्च्या फळांतलं आणि बियांतलं विष बांधून ठेवायला खातात, असं एक मत होतं. तांबोपातामधल्या मातीच्या तपासणीतून मात्र वेगळं दिसलं. पक्षी निवडतात त्या थरांत सोडियम जास्त असतं. समुद्रावरून वाऱ्यापावसाबरोबर येणारं मीठ अटलांटिकपासून इतक्या आत पोचेपर्यंत संपत येतं, आणि पॅसिफिककडून येणाऱ्या मिठाच्या आड अँडीज उभा. म्हणजे जंगल हिरवंगार, पण अळणी. पोपट मिठासाठी येतात, आणि पिल्लांना भरवताना तीच माती त्यांच्याही पोटात जाते.

आता तुमचं काम. पहाटे सव्वाचारला कोणीतरी जाळीवर टिचकी मारून उठवतं. रबरी बूट झटकायचे (आत काय बसलंय सांगता येत नाही), डोक्याला टॉर्च, आणि चिखलातून नदीकाठी. होडीतून पलीकडे जाऊन, कड्यासमोरच्या वाळूवर पानांनी झाकलेल्या लपणात बसायचं. उजाडलेलं नसतं. गुडघ्यावर पाटी, पाटीवर तक्ता, गळ्यात दुर्बीण. कड्यावर पहिला पक्षी उतरला की घड्याळ सुरू. तिथून पुढे दर पाच मिनिटांनी एक ओळ: कुठल्या जातीचे किती, कड्याच्या कुठल्या भागात, ऊन की ढग, होडी गेली का, ससाणा आला का. आधी लहान पोपट, निळ्या डोक्याचे आणि मोठे हिरवे पोपट येतात. ते लगेच उतरत नाहीत. समोरच्या झाडांवर जमतात, कलकलाट करतात, घोळक्याने कड्यासमोरून गिरक्या घेतात, परत झाडावर. अर्धा अर्धा तास असंच. मग कोणीतरी एक धीट उतरतो आणि त्याच्यामागे सगळा हिरवा लोट. ऊन वर आलं की मोठे मकाव येतात: लाल, लाल-हिरवे, निळे-पिवळे, बहुतेक जोडीजोडीने. कुठूनतरी शिकारी पक्ष्याची सावली फिरली की अख्खा कडा एका किंचाळीसरशी रिकामा. तुम्ही अजून ओळ लिहीतच असता.

हा झाला चांगला दिवस. पावसात ते येत नाहीत. धुकं असलं तरी बहुधा नाहीत. मग लपणात घामाला चटावलेल्या बारक्या मधमाश्या आणि तुम्ही. दर पाच मिनिटांनी शून्य लिहायचं. सहा वाजता शून्य, सहा-पाचला शून्य, सहा-दहाला शून्य. माझ्याबरोबरचा एक तरुण, अतिशय गुणी मुलगा, तिसऱ्या शून्य-सकाळी म्हणाला, “आज आलो नसतो तरी काय बिघडलं असतं?” पक्षी कधी येत नाहीत हे कळल्याशिवाय ते कधी येतात याला काय अर्थ, हे त्याला आठवडाभराने पटलं. तुम्हाला समजवावं लागणार नाही. निरंक खात्याचीही तपासणी करावी लागते, हे तुम्हाला सत्तावीस वर्षं माहीत आहे.

माझी एक फजिती सांगते. चौथ्या सकाळी कड्याच्या पायथ्याशी दोन कापीबारा पाण्यात उतरले. उंदराच्या कुळातला एवढा मोठा प्राणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पाहतच राहिले. भानावर आले तेव्हा तक्त्यावरच्या दोन ओळी कोऱ्या. आधीच्या ओळीत ३८ पक्षी, आत्ता मोजले तर ४४. मी मध्ये ४० आणि ४२ लिहून टाकले. कोणाचं काय गेलं? दुपारी तक्ते संगणकावर चढवताना आमच्या समन्वयक बाई थांबल्या. एवढी सरळ चढती रांग पक्षी कधी देत नाहीत, म्हणाल्या. मी कबूल केलं. त्यांनी आवाज न चढवता त्या सकाळचा अख्खा तक्ता बाद केला. दोन ओळी खोट्या असतील तर बाकीच्या खऱ्या कशावरून? “रकाना रिकामा ठेव. कोऱ्याचं आम्हाला काही ना काही करता येतं, अंदाजाचं नाही,” एवढंच बोलल्या. मला तेव्हा लागलं. आज वाटतं, मला हिशेबतपासनीस भेटली होती.

तर, तुम्ही अडगळ व्हाल का, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. या खोऱ्यात मकाववर १९८९ पासून काम चालू आहे. इतक्या वर्षांत कड्यावर कोण बसलं ते बदलत गेलं. तक्ता भरण्याची रीत एकच ठेवायची असते, म्हणून त्या आकड्यांना किंमत. अशा कामात कल्पक माणूस आला की धडकीच भरते. पंधरा जाती ओळखता येणं, झोप अपुरी असताना तितक्याच नेटाने मोजणं, चुकलं तर चुकलं म्हणणं, एवढं लागतं. पक्षिशास्त्राची पदवी असलेल्या पोरापोरींनाही यातली शेवटची गोष्ट जड जाते. जाती ओळखायचं मात्र इथूनच घोटून जा. विशेषतः मोठे हिरवे पोपट: अर्ध्या उजेडात, पाठीकडून, दूरवर सगळे सारखेच दिसतात. आवाज ऐका. डोळ्यांआधी कान तयार होतात.

आता त्या फोटोंकडे येते. पत्रातला खरा प्रश्न तोच आहे, असं मला वाटतं.

मकाव जुन्या, प्रचंड झाडांच्या ढोल्यांत घरटं करतात. अशी ढोली व्हायला झाडाला काही शतकं लागतात, आणि नेमकी तीच झाडं लाकडासाठी आधी तोडली जातात. म्हणून संशोधकांनी पीव्हीसी पाइपची आणि लाकडाची खोकी वीस-तीस मीटर उंचीवर टांगून पाहिली. लाल मकावांनी ती स्वीकारली. मादी दोन ते चार अंडी घालते. अंडी एकदम फुटत नाहीत, काही दिवसांच्या अंतराने फुटतात. पहिलं पिल्लू चोच उघडून मागायला शिकलेलं असतं तेव्हा शेवटचं नुकतं अंड्यातून बाहेर येतं: वीस-पंचवीस ग्रॅमचा, डोळे मिटलेला, गुलाबी गोळा. आईबाप भरवतात ते थोरल्यांना. तिसरं आणि चौथं बहुतेक वेळा उपाशी मरतं. एका घरट्यातून बहुधा एक, फार तर दोन पिल्लं उडतात.

हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्या पिल्लांची वजनं घेतली जातात. प्रशिक्षित माणूस दोरावरून चढतो, पिल्लू कापड घातलेल्या बादलीत ठेवून खाली सोडतो. खाली दोघं-तिघं बसलेले असतात. एक तराजू बघतो, एक पंखाची आणि चोचीची लांबी घेतो, एक लिहितो. गळ्याखालची अन्नपिशवी किती भरलीय ते बघायचं. कातडीखाली माशीच्या अळ्या असतील तर टोक कापलेल्या सिरिंजने त्या ओढून काढायच्या. वर आईबाप ओरडत असतात. सगळं काही मिनिटांत उरकून बादली परत वर. तुम्ही पाहिलेले फोटो या मिनिटांतले असतील तर हरकत नाही. ते पिल्लू हातात आहे कारण त्याचं वजन घ्यायचं आहे.

मला लिहायला बसवलं होतं. एका घरट्यात तीन पिल्लं होती. थोरलं दर खेपेला जड. मधलं बरं. धाकट्याचा आकडा एका खेपेला जिथे होता तिथेच, पुढच्या खेपेला खाली. अन्नपिशवी रिकामी, कातडी सुरकुतलेली, आणि तरी हात लागला की चोच वर करून मागायचं. मला दुसरं काही सुचेना. तळावर पिल्लांचं खाद्य होतं, सिरिंज होती. मी विचारलं, भरवू का? नाही म्हणाले. त्या घरट्याची नोंद ढवळाढवळ न करता ठेवायची होती. पुढच्या वेळी बादलीत दोनच पिल्लं आली. मी धाकट्याच्या रकान्यात काट मारली. त्या रात्री जाळीत पडून मी त्या सगळ्या शहाण्या लोकांना मनसोक्त शिव्या घातल्या.

नंतर मला आधीची गोष्ट कळली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याच खोऱ्यात अशी उपाशी मरणारी पिल्लं उचलून माणसांनी हातांनी वाढवली आणि जंगलात सोडली. ती जगली, जोड्या जमवल्या, पिल्लंही काढली. पण माणसाची भीती त्यांच्यातून गेली ती गेलीच. तळावर येऊन टेबलावरचं पळवायचं, बटणं तोडायची. त्यांना ‘चिकोस’ म्हणजे ‘पोरं’ म्हणत. पाहुण्यांना फार गोड वाटायचं. ज्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू त्याला पिंजऱ्यासाठी पकडणारा माणूस आहे, त्याला माणूस आवडायला लावणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. लॅटिन अमेरिकेतल्या १४ देशांतल्या २१ जातींच्या चार हजारांहून जास्त घरट्यांच्या नोंदी एकत्र करून २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी तीस टक्के घरट्यांतली पिल्लं चोरीला गेलेली निघाली.

म्हणून पुढच्या फळीने वेगळा रस्ता काढला. माणसाने आई व्हायचं नाही, दुसरी मकाव आई शोधायची. २०१७ ते २०१९ या तीन हंगामांत गर्दीच्या घरट्यांतली २८ धाकटी पिल्लं उचलून जागा असलेल्या दुसऱ्या घरट्यांत ठेवली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दत्तक घेतली गेली. दहातली जवळजवळ नऊ उडाली. उपासमारीने मरणाऱ्या पिल्लांचं प्रमाण १९ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. हे कुठून जमलं? कितवं पिल्लू, कितव्या दिवशी, किती ग्रॅमवर असताना हरायला लागतं, हे वर्षानुवर्षं कोणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. माझी काट त्या ढिगात कुठे आहे मला माहीत नाही. राग अजून पूर्ण गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

तुमचे हात शिवशिवतात यात लाजण्यासारखं काही नाही. पण ज्या प्रकल्पात स्वयंसेवकाचे हात शिवशिवले की त्याच्या खांद्यावर मोठा, धडधाकट मकाव बसवून फोटो काढू देतात, तिथे जाऊ नका. नावात ‘संवर्धन’ असलं तरी. त्यामुळे होकार देण्याआधी त्यांना सरळ विचारा: पिल्लांना हात लावायला कोणाला परवानगी आहे आणि कशासाठी? राखीव क्षेत्रात संशोधन करायचा परवाना कोणाच्या नावावर आहे? जमवलेल्या नोंदींचं पुढे काय होतं, कुठे छापून येतात? मागच्या दोन-तीन वर्षांत काय शिकलात? चांगले लोक या प्रश्नांनी खूष होतात, लांबलचक उत्तरं पाठवतात. ज्यांच्याकडून फक्त ‘आयुष्यभराचा अनुभव’ वगैरे येईल, त्यांना नमस्कार.

आणि पैशांचं. मुलीचं म्हणणं अर्धं खरं आहे. मजुरी आहेच. पैसे भरायचे याचंही मला वावगं वाटत नाही. होडीचं इंधन, दोर, औषधं, सगळं नदीने वर आणावं लागतं, आणि शिकाऊ माणूस पहिले दहा दिवस कामापेक्षा त्रासच जास्त देतो. मला वावगं वाटेल ते वेगळं: तुम्ही फुकट करताय ते काम आधी तिथला एखादा माणूस पगारावर करत होता का? तेही विचारा. चांगल्या ठिकाणी होडीवाला, दोरावर चढणारा, जंगलातल्या वाटा राखणारा ही स्थानिक, पगारी माणसं असतात आणि स्वयंसेवक त्यांच्या हाताखाली असतो. आमच्या तळावरचा होडीवाला पाठमोऱ्या उडत्या ठिपक्यावरून जात सांगायचा, तीही बरोबर. त्याच्याशी बोलण्यापुरती स्पॅनिश शिकून घ्या. दोन महिने रोज अर्धा तास दिलात तरी चालेल. मी शिकले नव्हते. सगळ्यात जास्त पश्चात्ताप मला त्याचाच होतो.

उंचीची भीती सोडा. झाडावर सगळ्यांना चढवत नाहीत, आणि नको म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही. मेलमध्येच लिहून टाका: ‘मी चढणार नाही. कड्यावरची मोजणी, नोंदी आणि संगणकाचं काम करीन.’ संगणकावर तक्ते चढवायला कोणी तयार नसतं. तुम्ही तिथे पोचायच्या आधीच लाडक्या व्हाल.

गुडघ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर चालता येणं वेगळं आणि पिंडरीपर्यंतच्या चिखलातून रबरी बूट उपसत एक किलोमीटर जाणं वेगळं. ते बूट आत्ताच आणा आणि चिखल मिळेल तिथे चाला. लोक बघतील, बघू देत. काठी न्या. चालताना तोल गेला तर झाडाचा बुंधा धरू नका, ही तिथली पहिली शिकवण. बुंध्यावर ‘इसुला’ नावाची बोटाच्या पेराएवढी काळी मुंगी फिरत असते. ती चावली की दिवसभराची निश्चिंती. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची असते. बाकी लशी, मलेरिया आणि गुडघे, तिन्हींसाठी प्रवासी आजारांची माहिती असलेल्या डॉक्टरांना लवकर भेटा. आणि परत आल्यावर एखादा चावा आठवडे उलटले तरी भरत नसेल, तर आपण कुठे होतो ते डॉक्टरांना आपणहून सांगा. तिथे वाळूमाशीच्या चाव्यातून लीश्मनियासिस नावाचा, जखम भरू न देणारा रोग होतो, आणि ज्याने तो कधी पाहिला नाही त्याला तो ओळखू येत नाही. मे ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर स्वेटर घ्या. हो, वर्षावनात स्वेटर! दक्षिणेकडून ‘फ्रिआहे’ नावाची थंडीची लाट येते आणि एका रात्रीत सगळे दात वाजवत बसतात.

तुमच्या कॉकॅटीलबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथे अडखळले. ही गोष्ट प्रकल्पाला आधीच सांगा. पाळीव पोपटांतून जंगली पोपटांत रोग जाऊ शकतात: चोच आणि पिसं सडवणारा विषाणू, पोपटज्वर. तुमचा पक्षी ठणठणीत दिसला तरी तो वाहक असू शकतो. घरी त्याच्याभोवती वापरलेले कपडे, बूट, पाठपिशवी तिकडे नेऊ नका. नवं किंवा नीट धुतलेलं सामान न्या आणि निघण्याआधीचे दिवस पक्ष्याची देखभाल मुलीकडे द्या. न्यूझीलंडमध्ये काकापो या न उडणाऱ्या पोपटाच्या बेटांवर जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या सामानाची आणि बुटांची कसून तपासणी होते, एखादं बीसुद्धा चिकटून जाऊ नये म्हणून. तुमचा प्रकल्प यातलं काही विचारतच नसेल, तर त्यांना खोदून विचारायचा हा आणखी एक मुद्दा. परतताना हेच उलट्या दिशेने: आधी आंघोळ, कपडे धुवायला, मग कॉकॅटील.

तिथून फोटो पाठवाल तेव्हा घरट्याच्या झाडाचा ठावठिकाणा कळेल असं काही पाठवू नका, मोबाइलमधली जागेची नोंद बंद ठेवा. पिल्लं चोरणारेही फोटो बघतात.

सहा आठवड्यांत काय साधणार, असं नवऱ्याने कधी तोंड उघडून विचारलंच, तर त्याला पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या पोपटाबद्दल सांगा. १९७५ साली जंगलात १३ पक्षी उरले होते. माणसं लपणात बसून एकेका घरट्यावर पहारा करत, कारण दुसरा एक पक्षी ढोलीत घुसून अंडी फोडायचा. थोडे वाढले आणि १९८९ मध्ये ह्यूगो वादळाने जवळजवळ निम्मे नेले. पुन्हा वाढवले, आणि २०१७ मध्ये मारिया वादळाने तिथल्या एल युंके जंगलातले जवळजवळ सगळे जंगली पक्षी संपवले. दुसऱ्या एका जंगलात आधीच काही सोडून ठेवले होते, ते तगले. त्यांच्यावर काम चालू आहे. त्यात सहा आठवडे बसून गेलेली माणसं किती असतील! त्यांच्यातल्या कोणालाही आपल्यामुळे पोपट वाचला असं म्हणता येणार नाही, आणि कोणी म्हणतही नसावं.

होकार पाठवण्याआधी एक करून बघा. उद्या पहाटे उठा, उजाडायच्या आत घराजवळच्या कुठल्याही झाडासमोर जाऊन बसा. फोन घरी. कागदावर रकाने आखा आणि तीन तास, दर पाच मिनिटांनी, त्या झाडावर कोण किती ते लिहा. कोणी नसेल तर शून्य. मध्ये उठायचं नाही. सलग चार दिवस करा. पेन्सिलने लिहा, तिकडच्या दमट हवेत पेनाची शाई कागदावर पसरते, तेव्हा सवय आत्तापासूनच लावलेली बरी. चौथ्या दिवशी, तिसऱ्या तासाला, चाळीस आणि बेचाळीस लिहून टाकावंसं वाटलं का, ते मला कळवा.